पालक रुळवण्याची सोपी पद्धत

(श्टुटगार्टला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी. मुले सहा वर्षांच्या आतली असल्यास परिणाम लवकर दिसतो.)

मुलांची काळजी सोडा. त्यांना रुळवण्याची जर्मनीत रीतसर व्यवस्था आहे. इथल्या पाळणाघर-बालवाडीला, म्हणजे किटाला, मूल पहिल्या दिवशी नुसते टाकून येता येत नाही. पहिले तीन दिवस आईने किंवा बाबाने तास-दीड तास त्याच खोलीत कोपऱ्यात बसायचे. मूल खेळते, मधूनच येऊन आपले माणूस जागेवर आहे ना हे बघते, परत जाते. चौथ्या दिवशी पालकाने निरोप घेऊन काही मिनिटे बाहेर थांबायचे. मूल रडले आणि ताईंकडून शांत झाले नाही, तर आत यायचे आणि आणखी काही दिवस कोपरा धरायचा. ही बर्लिन पद्धत. काही आठवडे चालते आणि त्या काळात घरातला एक मिळवता माणूस बिनकामाचा होतो, याला कोणाची हरकत नसते.

पालकांसाठी असे काही नाही. परदेशी नागरिकांच्या कचेरीत तुम्ही टोकन घेऊन बसला आहात आणि तुमची आई कोपऱ्यात खुर्ची टाकून स्वेटर विणते आहे, अशी सोय जर्मन सरकारने केलेली नाही. म्हणून हे मार्गदर्शन.

श्टुटगार्ट निवडण्याचे कारण साधे आहे. चाकण-तळेगावकडून निघालेला इंजिनिअर जर्मनीत गडगडत गेला तर बहुधा इथेच येऊन थांबतो. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश या तिन्ही घराण्यांची मूळ गावे याच परिसरातली. शिवाय मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरे आहेत. बहिणींचे स्वभाव जुळत नाहीत हे आपल्याला नवीन नाही.

पायरी पहिली : पत्रपेटी

घर मिळाले असे धरून चालू. (कसे मिळवायचे त्याला स्वतंत्र ग्रंथ लागेल.) स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत भिंतीतून डोकावणारा नळ आणि एक जाड वायर असेल. ओटा, सिंक, कपाटे आधीचा भाडेकरू घेऊन गेला. ही चोरी नव्हे. पोलिसांकडे जाऊ नये.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंद करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. दाखला मिळेपर्यंत भेटीची वेळ मिळत नाही आणि वेळ मिळते तेव्हा दोन आठवडे उलटलेले असतात. यात घाबरण्यासारखे काही नसते. समोरच्या बाईंनाही ते माहीत असते, फक्त त्या तसे दाखवत नाहीत.

मग आडनाव छापून पत्रपेटीवर लावा. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचे नाव वाचतो, नाव दिसले नाही तर पत्र परत. आणि या देशात सगळे पत्राने येते. इथे मराठी माणसापुढे एक खास अडचण उभी राहते. पासपोर्टवर मुलगी ‘ईरा निखिल’, मुलगा ‘कबीर निखिल’, बायको ‘मृण्मयी निखिल’. कारकुनाच्या दृष्टीने ही सगळी हौसेने ठेवलेली जोडनावे. म्हणजे या घरात जो तो निखिल आहे. अपवाद खुद्द निखिलचा, तो ‘निखिल सुधाकर’. मुलांच्या डॉक्टरांकडच्या बाई दारात येऊन नुसती ‘निखिल’ अशी हाक मारतील तेव्हा कोणी उठायचे, हे घरूनच ठरवून जावे.

पहिले पत्र करक्रमांकाचे. लगोलग दुसरे येते ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे, दरमहा १८.३६ युरो. ‘आमच्याकडे टीव्ही नाही’ असे बाणेदार उत्तर पाठवू नका. वर्गणी घरामागे आहे, टीव्हीमागे नाही. मात्र पत्रे फक्त मागायलाच येतात असेही नाही. मुलांच्या भत्त्याचा अर्ज भरा. २०२५ साली तो दर मुलामागे महिना २५५ युरो होता. मुले झाल्याबद्दल सरकार आपल्याला पैसे देते, हे गावाकडे सांगितल्यावर एखादे काका तुमच्या मुलांची संख्या विचारून मनातल्या मनात गुणाकार करतील. करू द्या.

पायरी दुसरी : किटाचा कोपरा

एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला किटात जागा मिळण्याचा हक्क १ ऑगस्ट २०१३पासून कायद्याने आहे. जागा मिळण्याची तारीख कायद्यात नाही. भारतात व्हिसाच्या रांगेत उभे असतानाच अर्ज टाकून ठेवावा. जागा मिळाली की गोवराच्या लशीचा पुरावा मागतील. २०२०च्या मार्चपासून त्याशिवाय दारातून आत घेत नाहीत. आपले लसीकरण कार्ड डाळीच्या डब्याखाली कुठे ठेवले ते विमानात बसण्यापूर्वी शोधावे.

आता कोपऱ्यात बसा. खुर्ची बोटभर उंचीची असते आणि तुमचे गुडघे कानाला लागतात, तरी ती सोडू नका. पुढचे सहा महिने ज्या ज्या गोष्टींवरून घरात वाद होणार आहेत त्या सगळ्या इथे तासाभरात दिसतात. दोन वर्षांचे पोर काचेच्या पेल्यात स्वतः पाणी ओतते. सांडले तर फडके आणून स्वतः पुसते. कोणी कोणाला भरवत नाही. ‘हा घास चिऊचा’ म्हणत खोलीभर ताट घेऊन फिरणे इथे शिकवलेले नाही, आणि तुम्ही फिरू लागलात तर ताई प्रेमाने तुम्हाला खुर्चीवर परत बसवतील. आपल्या घरी वरणभाताला तोंड न उघडणारे लेकरू इथे काकडीचे तुकडे मुकाट खाते. हा अपमान व्यक्तिशः घेऊ नये.

पाऊस आला की सगळी मुले बाहेर जातात. चुकून नव्हे, पाऊस आला म्हणूनच. त्यासाठी मात्शहोजे नावाची रबरी चिखल-विजार लागते. ती, रबरी बूट, घरातली चप्पल, कपड्यांचा जादा जोड, उन्हाळी टोपी, हिवाळी टोपी या प्रत्येक वस्तूवर नाव लिहायचे. कोणते नाव, ते पहिल्या पायरीत ठरले आहे.

सगळ्यात अवघड प्रसंग रविवारच्या व्हिडिओ कॉलवर येतो. आजोबा विचारतात, ‘काय शिकवलं शाळेत?’ आणि मूल खरे ते सांगते : काही नाही. सहाव्या वर्षी शाळेत जाईपर्यंत इथे अक्षर नाही, आकडा नाही, गृहपाठ नाही. आजोबांना पाढे हवे असतात. त्यांना फ्रीड्रिख फ्र्योबेलने १८४० साली बाड ब्लांकेनबुर्गला पहिले किंडरगार्टन काढले, मुलाचे शिक्षण खेळातून होते असे सांगितले, वगैरे समजावून उपयोग होत नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी हेच घसा कोरडा होईपर्यंत सांगितले होते आणि आपण नर्सरीच्या प्रवेशासाठी तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती घेत राहिलो. आजोबांना एवढेच सांगा, की नातू जिना एकटा उतरतो आणि बूट स्वतः घालतो. आजी लगेच ‘मग आईबाप काय करतात?’ असे विचारतील. त्या वेळी नेटवर्क जाऊ द्यावे.

डब्याबद्दल थोडे. गूळ-तुपाची पोळी गुंडाळी करून दिली तर किटात चालते आणि तिला जर्मन ग्राहकही लाभतात. शाकाहारी घरांनी दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवावेत. वाढदिवसाला वाटली जाणारी रंगीत अस्वले जिलेटिनची, म्हणजे बहुधा डुकराच्या कातडीची, असतात. आणि माउलटाशे हा इथला लाडका पदार्थ वरून करंजीसारखा निष्पाप दिसतो, पण आत खिमा असतो. लेंटच्या उपासात देवाला मांस दिसू नये म्हणून माउलब्रोनच्या साधूंनी ते पिठात दडवले अशी दंतकथा आहे. जिथे खुद्द देव फसला तिथे तुमचे काय!

पायरी तिसरी : ताप

ही पायरी वेळापत्रकात नसते, पण पहिल्या हिवाळ्यात बाकीच्या सर्व पायऱ्यांच्या मध्ये मध्ये येते. किटातून फोन येईल, घरी न्या. डॉक्टरांकडे जाल. ते मुलाला नीट तपासतील आणि चहा सांगतील. बडीशेपेचा चहा, कॅमोमाइलचा चहा. अँटिबायोटिक मागू नका. त्यांच्या चेहऱ्यावर तुम्ही दारू मागितल्यासारखा भाव येतो. ताप चढलाच तर ओल्या पट्ट्या ठेवा म्हणतील, आणि तुमच्या जिवात जीव येईल, हे तर आपल्या आईचेच औषध! मग कळेल की पट्टी पोटऱ्यांना गुंडाळायची आहे. रात्री दोन वाजता एक पालक कपाळाकडे आणि दुसरा पायाकडे असे बसले, तर दोन्ही परंपरा पाळल्या जातात. मूल आजारी असताना घरी राहायला सरकारी विमा असलेल्या आईला आणि बाबाला २०२५मध्ये दर मुलामागे प्रत्येकी पंधरा दिवस मिळत होते. पंधरवडा बाबानेही संपवायचा असतो. हे वाक्य घरात मोठ्याने वाचावे.

पायरी चौथी : रविवार

दुकाने बंद. खिळा ठोकणे बंद. रिकाम्या बाटल्या काचेच्या पिंपात टाकणे बंद, कारण खळ्ळकन आवाज होतो. रविवारच्या विश्रांतीला १९१९च्या वायमार राज्यघटनेने दिलेले संरक्षण आजच्या घटनेतही जसेच्या तसे आहे, तेव्हा शेजाऱ्यांशी वाद घालून उपयोग नाही. शनिवारी दूध, भाजी, क्वार्क आणून ठेवा. क्वार्कचा चक्का उत्तम होतो. साखर, वेलची, केशर घातले की श्रीखंड, आणि ते ढवळताना आवाज होत नाही. मुलांच्या दंग्याची मात्र फार धास्ती घेऊ नका. २०११मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन किटा आणि खेळाच्या मैदानातला मुलांचा गलका सर्वसाधारणपणे उपद्रव धरायचा नाही असे ठरले आहे. कुकरच्या शिट्टीबद्दल कायदा अजून गप्प आहे.

पायरी पाचवी : केअरवोखे

एका सोमवारी तुमच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसेल. कोणी विसरून गेले असे समजून ती शेजारच्या दाराला लावू नका. या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची आहे, असा तिचा अर्थ. हीच केअरवोखे. मोठी पाळी आली की अंगण, कचऱ्याच्या पिंपांची जागा, बाहेरचा पदपथ आणि हिवाळ्यात सकाळी सातच्या आत त्यावरचा बर्फसुद्धा. १४९२ साली दाढीवाल्या काउंट एबरहार्टच्या राज्यात शहराच्या नियमांत लिहिले गेले, की प्रत्येकाने आपला उकिरडा दर आठवड्याला उचलून न्यावा. त्याच वर्षी कोलंबस आपल्याला शोधायला निघाला आणि भलतीकडे पोचला. श्टुटगार्टकर घरीच राहून अंगण झाडत होते आणि अजून झाडत आहेत. नगरपालिकेने १९८८मध्ये हा नियम काढून टाकला, पण भाडेकरारांतून तो सुखाने नांदतो आहे.

जिना स्वच्छ असेल तरी पुसायचा. तुम्ही पुसताना कोणी तरी बघितले पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भाजी आणायला निघतात ती वेळ त्यासाठी चांगली. दोन वर्षांत केलेल्या सर्व ‘गुटेन मॉर्गन’ची मिळून जेवढी ओळख होत नाही, तेवढी एका ओल्या पायरीवर होते.

पुढच्या पायऱ्या तुमची मुलेच शिकवतील. लाल दिव्याला रस्ता मोकळा असला तरी थांबायचे, वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी द्यायच्या नाहीत कारण ते अशुभ, पार्टी पाच वाजता संपणार असेल तर पाचला न्यायला यायचे आणि मध्ये सहकुटुंब जेवायला बसायचे नाही. शाळा सुरू झाली की चालू सत्रात गावी जाणे विसरा. शाळा सक्तीची आहे आणि सुट्टी सांगून मिळत नाही. २०२६ सालीच पाहा : गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरची, आणि या प्रांतातल्या शाळा उन्हाळ्याची सुट्टी संपवून त्याच सोमवारी उघडणार. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांनी तेव्हा मोदक सकाळी सातला उकडावेत.

तुम्ही जाऊ शकत नसाल तर आजी-आजोबांना बोलवा. नव्वद दिवसांचा व्हिसा, तीस हजार युरोंचा विमा. सामानात साजूक तूप, पेढे नकोत. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी चालते. आजी मात्र काही न विचारता एक आखूड केरसुणी घालून आणतील. त्यांना पहाटे पाचला जाग येते आणि करण्यासारखे काही नसते. तिसऱ्या दिवशी जिना वरपासून खालपर्यंत झाडलेला, उंबरठ्यासमोर दोन बोटे रांगोळी. ती रांगोळी कोणत्या नियमात बसते हे ठरवायला तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना दोन दिवस लागतील. तिसऱ्या दिवशी त्या घरच्या प्लमचा केक घेऊन येतील, आजींशी अर्धा तास खुणांनी बोलतील आणि जाताना तुम्हाला विचारतील, आई पुन्हा कधी येणार? त्यांना तारीख सांगा. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचे कारण म्हणून नातवंडे लिहावीत; जिना लिहू नये.