टोकनशेठ

लेटरबॉक्सवर त्यांचं खरं नाव आहे, पण ते पोस्टमनखेरीज कुणी वाचत नाही. मरोळ-मरोशी रोडवरच्या आमच्या सोसायटीत ते टोकनशेठ. सीप्झमधल्या नोकरीतून लवकर सुटका करून घेतलेली, केस विरळ, अंगठे मात्र पंचविशीतल्या पोरासारखे चपळ.

ही चपळाई कमावलेली आहे. २०२४ साली टेलिग्रामवर हॅमस्टर कॉम्बॅट नावाचा खेळ आला. पडद्यावरच्या उंदराला टिचक्या मारायच्या, नाणी साठवायची, पुढे त्यांचं म्हणे खरं चलन होणार. टोकनशेठ मेट्रोत टिचक्या मारत, मरोळ नाका मागे पडे, ते वर्सोव्याला उतरून परत फिरत. गणपतीच्या आरतीतही एक हात खिशात. "देवाच्या पायाशी उंदीर आहे, त्याला नमस्कार करा, ह्याला काय टोचत बसलाय?" असं वहिनी म्हणाल्याचं सगळ्या मजल्याने ऐकलं. २६ सप्टेंबरला वाटप झालं. एका नाण्याला रुपयासुद्धा आला नाही. शेठच्या वाट्याला जे आलं, त्यात नाक्यापासून घरापर्यंत रिक्षाने येता आलं असतं. परत जाता आलं नसतं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. शेठनी युनिस्वॅप ह्या क्रिप्टो-बाजाराची कथा लावली. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅपने आपल्या जुन्या वापरकर्त्यांना प्रत्येकी ४०० टोकन फुकट वाटली, आणि मे २०२१ मध्ये त्या चारशेंची किंमत बारा लाखांच्या वर गेली. कथा खरी आहे. शेठ ती सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतात: ज्यांनी प्रसाद घेतला ते तरले, ज्यांनी टाळला त्यांची नौका बुडाली.

मग एका रविवारी त्यांनी सोसायटीचंच टोकन काढलं. हल्ली त्याला टांकसाळ लागत नाही. तयार साचा घ्यायचा, नाव घालायचं, किती छापायची तो आकडा टाकायचा. शेठनी शंभर कोटी छापली. सभासद अठ्ठेचाळीस. ग्रुपवर दरपत्रक आलं: ओला-सुका कचरा वेगळा केला तर ५, मेंटेनन्स वेळेवर भरला तर १००, वार्षिक सभेत शेवटपर्यंत बसलं तर ५००, आणि 'गुड मॉर्निंग' न पाठवल्याबद्दल रोज १०.

शेवटचं कलम नडलं. तळमजल्यावरच्या निवृत्त फौजदारांनी जन्मात कुणाला गुड मॉर्निंग केलेलं नव्हतं. त्यांनी मागच्या तारखेपासून थकबाकी मागितली, लेखी. दुसऱ्या मजल्यावरच्या चौघांच्या कुटुंबाची टोकन ठेवायची नऊ वॉलेट निघाली; त्यातलं एक कुत्र्याचं, आणि कचऱ्याच्या बाबतीत कुत्र्याचा हिशेब सगळ्यांत चोख. हॅमस्टरवाल्यांनीही लबाडीसाठी लाखो खाती बाद केली होती, हा दाखला देऊन शेठनी आधार कार्डं मागवली. कुत्रा गळला, बाकीचे आठ टिकले. ते कसे, हे शेठनाही उलगडलं नाही.

साठ टक्के टोकन त्यांनी 'प्रकल्पाच्या विकासासाठी' स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवली होती. वॉलेटची किल्ली म्हणजे बारा शब्द. मोबाईलवर ठेवले तर चोर नेतील, म्हणून ते कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानामागे लिहिले. एक जानेवारीला वहिनींनी नवं कालनिर्णय लावलं आणि जुनं रद्दीत दिलं.

आम्ही सांत्वनाला गेलो, तर शेठ उजळलेले. "साठ कोटी कायमची बाजारातून गेली! पुरवठा घटला! आता भाव वाढणार!"

भाव मुळात नव्हता, ही अडचण फक्त मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातल्या मावशींना दिसली. शेठनी बोंबलाच्या बदल्यात टोकन पुढे केलं.

"आजचा भाव काय ह्याचा?"

"आज नाही मावशी, पुढे येईल."

"मग बोंबीलपन पुढंच ने."

सरकारवर मात्र शेठचा विश्वास आहे. एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. ऐकणारा कपाळाला हात लावतो. शेठ म्हणतात, "सरकार तीस टक्के मागतंय म्हणजे काहीतरी असणारच ना आत?"

एक मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ह्याच महाराष्ट्रात गेनबिटकॉइनचं प्रकरण झालं, दरमहा दहा टक्क्यांच्या आमिषाला भुलून लोकांनी साठवण घातली, पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटका केल्या. टोकनशेठनी कुणाकडून एक रुपया घेतलेला नाही. ते फक्त तुमचा मोबाईल मागतात, 'दोन मिनिटं', आणि तासाभराने परत करतात, तोवर त्यात तीन नवी अ‍ॅप आलेली असतात आणि तुम्ही त्यांच्या खाली 'रेफरल' म्हणून नोंदले गेलेले असता. मला विचाराल तर ह्या सगळ्या वाटपात खरा माल टोकन नसून आपण आहोत, आणि शेठ त्याचे बिनपगारी दलाल आहेत. हे त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी 'अभिप्राय दिल्याबद्दल' २५ टोकन जमा केली.

सध्या शेजारच्या सोसायटीत सभासदनोंदणी चालू आहे. मरोळ नाक्यावर भेटले तर टाळू नका, माणूस गोड आहे. मोबाईल खिशात ठेवा आणि चहाला हो म्हणा. चहाचे पैसे ते स्वतः देतात, रुपयांत.