रवणाला बसलेले काका

शेजारच्या काकांना तब्येत विचारली की ते तापमान सांगतात. साडेसदतीस. ते त्यांचं नसतं, थर्मोकोलच्या खोक्याचं असतं.

खोक्यात बल्ब, थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि श्रीखंडाच्या डब्यात पाणी. बाजारात अंडी उबवायचं तयार यंत्र मिळतं, पण जन्मभर बँकेत दुसऱ्यांच्या योजनांवर सह्या केलेल्या माणसाला एखादी योजना स्वतः वायर जोडून करावीशी वाटते. अंडी कडकनाथची, थेट झाबुआहून मागवलेली. पिसं, कातडी, मांस, हाडंसुद्धा काळी असलेली ही मध्य प्रदेशातल्या आदिवासींची कोंबडी. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. धोनीनं झाबुआहूनच २००० पिल्लं मागवली होती, हेही काका सांगतात, पण सूर असा की त्यानं आधी काकांना फोन केला असावा.

कडकनाथचं नाव आमच्या साताऱ्याकडं जरा जपूनच घेतात. २०१९ मध्ये या नावावरच्या गुंतवणूक योजनेत सांगली-साताऱ्यातल्या कितीतरी लोकांचे पैसे बुडाले. काका तेव्हा वाचले. "मी एक रुपया गुंतवला नाही," असं ते अभिमानानं सांगतात. "आता जीव गुंतवलाय ना," काकू आतून म्हणतात.

कुरियरचं खोकं उघडलं तेव्हा काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "काळी कुठायत?" कडकनाथचं अंडं बाहेरून फिकट बदामीच असतं. काकांना ते ठाऊक होतं, तरी चेहरा पडलाच. काकू अंडी फ्रिजमध्ये ठेवायला उठल्या आणि काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागलं. प्रवासात हादरे बसून अंड्यातली हवेची पोकळी हलते, म्हणून निमुळतं टोक खाली करून त्यांना दिवसभर विश्रांती द्यायची असते. काकूंच्या माहेरची माणसं रात्रभर एसटीनं येतात, त्यांना एवढी विश्रांती या घरात कधी मिळालेली नाही.

मग प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. दिवसातून पाच वेळा फिरवायचं; विषम संख्याच हवी, म्हणजे रोज रात्री तीच बाजू वर राहत नाही. पुतण्याच्या लग्नात अक्षता पडायच्या आत काका मांडवातून उठले. पाहुण्यांना वाटलं, रुसले.

कडकनाथची कोंबडी स्वतः सहसा रवणाला बसत नाही. झाबुआकडं तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवतात. इथं तो मान काकांना मिळाला. लक्षणंही तीच: खुडूक कोंबडीसारखे जागचे हलत नाहीत, खाण्यावर वासना नाही, जवळ कुणी गेलं की अंगावर येतात. "माझ्या दोन्ही बाळंतपणांना हे ऑडिटला होते," एवढंच काकू म्हणाल्या.

सातव्या रात्री दिवे मालवून, मोबाइलच्या उजेडावर एकेक अंडं धरून तपासणी झाली. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जिवंत. डझनातल्या सात अंड्यांत दिसलं. मागवलेल्या अंड्यांत एवढी निघणं वाईट नाही, पण उरलेली पाच काका दोन दिवस पुन्हा पुन्हा बघत राहिले. काकूंनी ती पाच बोळवली तेव्हा कुठं काका सुटले.

अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद, दमटपणा वाढवायचा आणि झाकण उघडायचं नाही. नेमकी त्याच संध्याकाळी वीज गेली. काकूंची गुडघे शेकायची रबरी पिशवी ताबडतोब जप्त झाली. खोक्यावर गोधडी, तिच्यावर शाल, आणि काकू बामावर.

एकविसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली. एका कवचाला टोच पडली आणि मग तासन्‌तास काहीच नाही. पिल्लाला वेळ लागतो, एखादं दिवसभरही घेतं. घाई करून कवच सोललं तर रक्तस्राव होऊ शकतो. हे सगळ्यांना बजावणारे काका स्वतः तीनदा चिमटा घेऊन खोक्याजवळ गेले. तिन्ही वेळा काकूंनी चिमटा काढून घेतला. पहाटे पहिलं ओलं, काळपट पिल्लू धडपडत बाहेर आलं आणि काकांनी मुंबईच्या मुलाला उठवून सांगितलं, "चोच काळी आहे!" मुलगा म्हणाला, "बाबा, चार वाजलेत."

एकूण चार निघाली. मोठी झाल्यावर त्यांतले तीन कोंबडे ठरले. अंड्यांचं गणित तिथंच फसलं, पण पहाटेच्या गजराचा प्रश्न अख्ख्या गल्लीचा मिटला. ओळखीचे लोक आता काकांना भेटले की आधी आरवण्याबद्दल बोलतात, मग आवाज खाली आणून विचारतात, "कधी कापायचे?" याच काकांनी वर्षभर कडकनाथच्या मटणात प्रथिनं किती, चरबी किती याचे आकडे सगळ्यांकडून पाठ करून घेतलेत. आता ते विचारणाऱ्याशी चार दिवस बोलत नाहीत. आणि रविवारी पिशवी घेऊन ब्रॉयलर आणायला जातात.