कप्तान

रामटेकहून समुद्र गाठायचा तर आधी नागपूर, मग समृद्धीचे 701 किलोमीटर, आणि एवढं करूनही भिवंडीची वाहतूक शिल्लक राहते. कप्तानांना यात काही अडचण दिसत नाही. "बोट ठरू दे नं आधी," ते म्हणतात, "समुद्र कुठं पळून चालला?"

कप्तान म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले बाबू. उभी नोकरी तुलनात्मक तक्ते करण्यात गेली. तीन दरपत्रकं आल्याशिवाय जिथे फावडं घेता येत नव्हतं, तिथे वाढलेला माणूस पृथ्वीप्रदक्षिणेची बोट अशीच कशी पसंत करणार? 2010 च्या मे महिन्यात कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई'तून एकट्याने जगाला वळसा घालून मुंबईत परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. ही बातमी वाचून कप्तानांनी लांब रजिस्टर आणलं, लाल पेनाने उभे रकाने आखले, आणि तेव्हापासून निवड सुरू आहे. ती संपावी असं त्यांना कधी वाटलं असेल, याबद्दल मला शंका आहे.

त्यांचं व्याख्यान पानठेल्यावर चालतं. गिऱ्हाइकाच्या हातातला विडा काढून घेऊन ते लवंगेचं टोक खाली करतात. "हे कील. पोटाखाली शिशाचं नाहीतर लोखंडाचं वजन. लाटेनं आडवी पाडली तरी बोट उठून उभी राहते." मग दुसऱ्या गिऱ्हाइकाचा विडा घेऊन दोन्ही शेजारी ठेवतात आणि वर आडवी काडी. "हा कॅटमरान. दोन पोटं. कलत नाही, ताटातली डाळ सांडत नाही, घरचे लोक खूश. पण जास्त सामान भरलं का रखडते. अन् भर समुद्रात पलटली त पलटली, मंग आपल्यानं सरळ होत नाही." एवढं होईपर्यंत दोन्ही विडे उलटेपालटे झालेले असतात आणि ठेलेवाला मुकाट्याने नवे लावायला घेतो.

पुराव्याला एकट्याने प्रदक्षिणेला निघालेले अभिलाष टॉमी. गोव्यात बांधलेली त्यांची 'थुरिया' 2018 च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात लोळली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या मणक्याला जबर मार बसला. पण बोट पुन्हा सरळ झाली, म्हणून तर सुटका करणाऱ्यांना ते बोटीतच सापडले. हे सांगताना कप्तानांचा आवाज जड होतो आणि एकपोटी बोटीच्या रकान्यात एक गुण वाढतो.

'थुरिया' ज्या 'सुहेली'वरून बेतली, तिच्यावर तर त्यांचा जीव आहे. 32 फुटांची, सागवानी, आपल्या मुंबईत बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968 मध्ये तिच्यातून निघाले आणि कुठेही न थांबता 312 दिवसांनी घरी पोचले. शर्यतीला नऊ जण निघाले होते, पुरी प्रदक्षिणा करून ते एकटेच परतले. मग हीच का नाही घेत? "हळू हाय," कप्तान म्हणतात. पोलादी घ्या. "गंजते." फायबरची? "जुनी झाली का फोड येतात तिले." 'म्हादेई'च्या जातीची? ती 56 फुटांची, हे ऐकून काकू आतून म्हणाल्या होत्या, "घर तीस फुटाचं नाही, तेच झाडून होत नाही. 56 फूट कोण झाडन?" रजिस्टरात शेरा पडला: मनुष्यबळाचा प्रश्न.

पाटबंधाऱ्यातला माणूस असल्यामुळे बोट मुंबईलाच कशाला न्यायची, असंही त्यांच्या मनात आलं. आपल्या खिंडसी तलावाचं पाणी सूर नदीचं. सूर वैनगंगेत जाते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, आणि पुढे बंगालचा उपसागर. नकाशावर बोट फिरवली तर (हाताचं बोट) रामटेक हे बंदरच आहे. मात्र लांबच्या सफरीच्या बोटीला तरंगायला दीड-दोन मीटर खोली लागते आणि उन्हाळ्यात वैनगंगेत ठिकठिकाणी गुडघाभर पाणी. म्हणून कील वर उचलता येणाऱ्या बोटींचा वेगळा रकाना झाला. वाटेत गोसीखुर्द धरण आहे हे मी आठवण करून दिलं. "दरवाजे आमच्याच खात्याचे हायेत," ते म्हणाले.

पोहता मात्र येत नाही. विचारलं तर उलट आपल्यालाच, "पोहाचंच असतं त बोट कायले पायजे बे?" नागपूरच्या बसमध्ये मनसरपर्यंत त्यांना मळमळतं. खिंडसीवर नातवंडांनी पायडल बोटीत बसायचा हट्ट धरला तेव्हा ते काठावर उभे राहिले. बूड सपाट, कील नाही, शिडाची सोय नाही. असल्या वाहनात पाय ठेवणं त्यांना तत्त्वाला धरून वाटेना.

वा. वि. मिराशींनी 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे आपलं रामटेकच असं मांडलं, याचा सगळ्या गावाला अभिमान. कप्तानांनाही आहे, पण यक्षावर त्यांचा राग आहे. "अलकेपर्यंतची सफर, अन् आषाढाच्या पहिल्या दिवशी जो ढग दिसला तोच धाडला! दुसरा ढग पाहिला? तुलना केली?"

परवा अंबाळा तलावाच्या बाजूला शिंगाडे काढणारा एक ढिवर भेटला. कप्तान त्याच्या डोंग्याभोवती दोनदा फिरले, लाकूड ठोकून पाहिलं आणि विचारलं, "हाच कसा काय निवडला?"

"निवडला नाही जी. बापाचा होय."

त्या रात्री रजिस्टरात नवा रकाना आखला गेला: वडिलोपार्जित. आणि नोंद अपुरी राहू नये म्हणून त्यांनी मौद्याला थोरल्या भावाला फोन लावला, बाबूजींच्या मागे नेमकं काय काय राहिलं ते कळव म्हणून. दादाने वाटणीचा अर्थ काढला. सकाळी पहिल्या गाडीने तो सातबारा, फेरफार आणि ओळखीचा वकील घेऊन दारात हजर. काकूंनी तिघांपुढे तर्रीपोहे ठेवले. कप्तानांनी सातबारा दोन्ही बाजूंनी वाचला, विहीर आणि आंब्याच्या झाडांवरून नजर फिरवली आणि वकिलाला विचारलं, "जंगम मालमत्तेचा कागद वेगळा राहते काय जी?"