दादा, नक्की कुठं वळताय?

मा. दादा यांस,
मुक्काम पोस्ट नातेपुते, ता. माळशिरस, जि. सोलापूर.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपलं खरं नाव मला ठाऊक नाही. एमएच ४५ च्या पुढचे आकडे आपण असे काही वळवून घेतलेत की वाचणाऱ्याला 'दादा' एवढंच दिसावं, म्हणून मायनाही तोच. पुणे-पंढरपूर रस्त्यावर मी बहुतेक वेळा आपल्या मागे असतो. मी आपल्याला दिसत नसेन, कारण आरसे आपण काढून ठेवलेत. पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या मोटरसायकलला नवे एलईडी इंडिकेटर बसल्याचं पाहिलं. मनःपूर्वक अभिनंदन.

कंपनीने दिलेले ते इंडिकेटर म्हणजे अगदीच गावंढळ होते. दांडीवर बाहेर आलेले, जाडजूड, आत दहा वॉटचा बल्ब. डावा कुठला नि उजवा कुठला हे मागच्याला लांबून कळावं म्हणून कंपनी ते बाहेर काढते. मागच्याला काही कळावं, ही अपेक्षाच मुळात जुनाट. आपले नवे इंडिकेटर टेललाइटला असे बिलगून बसलेत की दोघांत चार बोटं अंतर, वर काळी काच. एप्रिलच्या दुपारी त्यातला कुठला पेटलाय, हे आपल्याला आणि शिंगणापूरच्या महादेवालाच माहीत.

पहिल्या दिवशी बटण दाबल्यावर जे झालं त्याचा मी साक्षीदार आहे. सवयीच्या टिकटिकीच्या जागी नुसती तडतड. 'डुप्लिकेट माल घातला' म्हणत आपण गॅरेजवाल्यावर आवाज चढवलात, पण माल बिचारा निर्दोष होता. गाडीत एक छोटी काळी डबी असते, फ्लॅशर रिले. तिला डोळे नाहीत. बल्ब लागला की नाही, हे ती तारेतून किती करंट गेला यावरून ताडते. एका बाजूचे दोन बल्ब मिळून २० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण पावणेदोन अँपिअर. तेवढा करंट वाहिला की ती निवांत असते. आपल्या एलईडीची जोडी दोन-तीन वॉटांतच भागवते. डबीला वाटलं, एक बल्ब उडाला. मालकाच्या ध्यानात यावं म्हणून ती घाईघाईने उघडझाप करू लागली. जुन्या गाड्यांतला, पट्टी तापवून चालणारा रिले असता तर दिवा बहुधा लुकलुकलाच नसता. काही बिघडलं तर न विचारता सांगणारी गावातली ही बहुधा एकमेव यंत्रणा. तिला गप्प करायचं ठरलं.

त्यासाठी वायरिंगवाल्याने दोन्ही बाजूंना एकेक रेझिस्टर जोडून दिला. पूर्वी बल्ब जेवढा करंट ओढायचे तेवढा आता ही पांढरी कांडी ओढते, आणि रिलेला वाटतं सगळं आलबेल आहे. म्हणजे वीज वाचवणारा दिवा विकत घ्यायचा आणि वाचलेली वीज सीटखाली कांडी तापवायला जाळायची. कांडी तापून शेजारची वायर मऊ झाली की पुन्हा गॅरेज आहेच. एलईडीसाठीचा वेगळा रिले दुकानात मिळतो, करंट कितीही कमी असला तरी तो ठरलेल्या वेगानेच उघडझाप करतो, आणि मिनिटाला ६० ते १२० एवढीच उघडझाप नियमाला मान्य आहे. पण तो रिले बाहेरून दिसत नाही. न दिसणाऱ्या वस्तूवर दादांनी खर्च का करावा?

ही कांडी बसण्याआधी दुसराही एक चमत्कार झाला होता. डावीकडचं बटण दाबलं की चारही दिवे लागायचे. यावर मात्र आपण खूश दिसलात, 'हॅझार्ड फुकटात आला' असं कट्ट्यावर सांगितल्याचंही कानावर आहे. कारण साधं आहे. आपल्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच खुणेचा दिवा आहे. त्याचं एक टोक डावीकडच्या तारेला, दुसरं उजवीकडच्या. डावीकडे वीज सोडली की त्या दिव्यातून थोडा करंट पलीकडे झिरपतो. दहा वॉटच्या बल्बला तो पुसटही पेटवू शकत नसे, एलईडीला मात्र तेवढा पुरतो. सध्या तो कांडीतून निघून जातो, पण कांडी काढली की हे पुन्हा होणार. दोन डायोड घालून मीटरच्या दिव्याची दुसरी वायर अर्थिंगला दिली की झालं. डायोडला चहापेक्षा जास्त पैसे पडत नाहीत. पण घाई करू नका. डावीकडचं बटण दाबून दोन्ही बाजूंना आशा लावून ठेवायची, ही आपल्या तालुक्याची जुनी रीत आहे. निवडणुकीच्या दिवसांत तर गाडी तशीच ठेवलेली बरी.

रंगाबद्दल मात्र थोडं बोलावंच लागेल. आपण पुढच्या जोडीला निळे घेतलेत. १९७२ साल म्हटलं की आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांना दुष्काळ आणि खडी फोडायची कामं आठवतात. त्याच साली अमेरिकेत जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळा एलईडी तयार केला. निळा जमायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि तो जमवणाऱ्या अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. नोबेलविजेती वस्तू आपण हँडलखाली लावलीत, अभिमान आहे. तरीही मोटार वाहन नियमांत वळण्याच्या दिव्याचा रंग पिवळसर नारिंगीच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. सायलेन्सर, नंबरप्लेट, निळे दिवे. बेरीज मी करत नाही, ती अकलूजच्या आरटीओची माणसं करतील.

एवढं सगळं झाल्यावर आपण वळता कसे? तर पायाने. डावा पाय बाहेर निघाला म्हणजे दादा डावीकडे वळणार, किंवा चप्पल सुटली. पूर्वी राजदूतवर मागे बसलेल्या वहिनी पदर सावरत हात बाहेर काढायच्या, त्या हाताला वायरिंग नव्हतं, पण अर्थ होता. इंडिकेटर आपण लावता, नाही असं नाही. पण वळून झाल्यावर लावता. तो झालेल्या घटनेचा पंचनामा असतो. शिवाय एकदा लागलेला तो आपोआप बंद होत नाही, त्यामुळे सदाशिवनगर मागे पडलं तरी आपण उजवीकडे वळतच असता.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीवरून आपल्या गावी मुक्कामाला येते. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त. तळावर आरतीच्या वेळी चोपदार दंड वर करतात आणि सगळा कल्लोळ क्षणात थांबतो. खूण आधी होते, बाकीचं नंतर घडतं. आपण त्याच तळाजवळ गाडी लावून दर्शन घेता, मी पाहिलंय.

उसाचा हंगाम आला की हा विषय चेष्टेचा राहत नाही. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्री विनादिव्याचे, विनारिफ्लेक्टरचे चाललेले असतात. त्यांच्या मागे आपण, आपल्या मागे मी. आपण अचानक बाजूला झालात की समोर एकदम उसाची भिंत येते, ब्रेक मारण्याआधी मला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यासाठी तो दिवा असतो, दादा. आपल्या गाडीची ती एकच वस्तू माझ्यासाठी बसवलेली आहे. बाकी सगळी गाडी आपलीच.

तेव्हा विनंती एवढीच. रेझिस्टर काढून रिले बदला, दोन डायोड घाला, पुढचे निळे कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाला द्या. आणि सोमवारी शिंगणापूरच्या रस्त्याला वळणार असाल तर जरा आधी कळवा. मी मागेच असेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मागच्या गाडीवरचा एक नातेपुतेकर

ता. क. : आपण काढून टाकलेले जुने इंडिकेटर गॅरेजात पडून असतील तर त्यातला मागचा डावा मला हवाय. माझा मागच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीने नेला. जे काही पैसे होतील ते देतो.