तीस रुपये जास्त

पुण्याहून कोल्हापूरला जायचं म्हटलं की आमच्या मामांना रेल्वेच लागते. रस्त्याने जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचं अंतर; रेल्वे मिरजेला वळसा घालून शंभरेक किलोमीटर जास्त जाते. ‘एसटीपेक्षा कमी पैशांत जास्त प्रवास मिळतोय, तो का सोडायचा?’ हा मामांचा सवाल. मामा बँकेत कॅशियर होते. नोकरी सुटली, रोजकीर्द सुटली नाही. दर जानेवारीत कुठल्या तरी बँकेची फुकटची डायरी पैदा करायची आणि रोज काय खाल्लं, कुठे, कितीला, हे त्यात लिहायचं. पानाच्या तळाशी छापलेल्या सुविचारावर काट मारून तिथे शेरा.

“आमच्या लग्नाच्या तारखेला जिलबीची नोंद आहे,” मामी म्हणाल्या. “माझी नाही.”

जेजुरीला डब्यातल्या सगळ्यांनी गडाकडे बघून हात जोडले. मामांनी एकच हात कपाळाला लावला, कारण दुसऱ्या हाताने ते अंजिरं निवडत होते. पुरंदरची अंजिरं, पाटीत पानं घालून रचलेली, इतकी पिकलेली की उचलताना सालीवर बोट उमटावं. मामांनी एक फोडलं, आतला लालसर गर उजेडाकडे धरून पाहिला आणि मगच खिशातून पैसे काढले. नोटा तपासायची सवय, दुसरं काय! सांगलीनंतर भडंग आलं. लसूण आणि तिखट असं सणसणीत, की समोरच्या बाकावरचं बाळसुद्धा वासाने शिंकलं. त्या दिवसाचा शेरा : ‘भडंग दोन पुड्या. पैकी एक सहप्रवाशांनी संपवली. त्यांची पोळीभाजी आपण संपवली. फिटंफाट.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव मागितला की ब्रेडचे जाड स्लाइस येतात, आणि ते बरोबरच आहे. त्या कटाला स्लाइसच हवा. बुडवला की तळापर्यंत लाल होतो. खाली मटकी, बटाटा, त्यावर चिवडा-शेव, कांदा, आणि वरून तो कट. कांदा-लसूण मसाल्याचा तवंग असा की त्यात तोंड दिसावं. पहिल्या घासाला मी बहाद्दर होतो. तिसऱ्याला कानाच्या पाळ्या तापल्या. वाढणारा पोऱ्या कटाची किटली घेऊन मागेच उभा. “घालू का पाव्हणं?” नको म्हणायला तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. त्याने तो होकार समजून घातला.

मामा एका हाताने खात आणि दुसऱ्याने लिहीत होते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण अक्षर कॅशबुकातलं. मी वाकून वाचलं : ‘मिसळ. कट तीन वेळा. घाम : कपाळ, मान, चष्म्याची दांडी. शेजारच्या टेबलावर हवालदार. तोही रडतो आहे.’

दुपारच्या तांबड्या-पांढऱ्याबद्दल फार लिहीत नाही. त्यानंतर आम्ही तिघे लॉजवर आडवे झालो, एवढं पुरे. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, आणि तिथून गंगावेशीतला दूध कट्टा. हा प्रकार ज्याने पाहिला नाही त्याने कोल्हापूर पाहिलं नाही. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या. तुम्ही सांगायचं, गवळ्याने तुमच्यासमोर धार काढायची आणि फेसाळ, कोमट ग्लास हातात द्यायचा. पैलवानांच्या या गावात, जिथे शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेसारखं कुस्तीचं मैदान बांधलं, तिथे दूध पातेल्यात निवायला कोण थांबेल? मामींनी ग्लास संपवला आणि मिशीसकट म्हणाल्या, “आता मिसळ कुठे शांत झाली.”

रात्री लॉजवर मामा एकदम उठून बसले. तेरीज जुळत नव्हती. तीस रुपये जास्त.

“कमी तर नाहीत ना? मग झोपा.”

“कमी असते तर खिशातून भरले असते. जास्त म्हणजे कुणाचे तरी दाबलेत.”

कॅशियर माणसाला शिल्लक जास्त निघाली की ताप चढतो. अंजीरवाल्यापासून भेळवाल्यापर्यंत मध्यरात्री उलटतपासणी झाली. मामींनी उशीखालून सांगितलं, दुधाचे ग्लास चार झाले, पैसे तिनाचे दिले. चौथा कुणी प्यायला, यावर मामांनी मौन पाळलं.

सकाळी पुन्हा गंगावेस. मामांनी तीस रुपये पुढे केले. गवळी धार काढता काढता हसला.

“ऱ्हाऊ द्या की ओ काका. चौथा माझ्याकडनं हुता. पाव्हणं दिसला तुम्ही.”

“पण लिहू कशात? जमेला की खर्चाला?”

“पोटात गेलं न्हवं? मग जमा.”

“पैसे न देता जमा कशी होईल?”

वाद वाढला. दुधाला आलेल्या एका म्हाताऱ्या पैलवानाने जमेची बाजू घेतली, रिक्षावाल्याने खर्चाची. मामींनी वैतागून विचारलं, आपल्याला गाडी गाठायची आहे की नाही? शेवटी गवळ्याने भांडण मिटवायला मामांच्या हातात आणखी एक ग्लास दिला. मामांनी तो रिकामा केला, फेस पुसला आणि पाकिटाला हात घातला.

“ह्येचं बी पैसं न्हाईत,” गवळी म्हणाला.

मामा मटकन कट्ट्यावर बसले आणि त्यांनी डायरी उघडली. साठ रुपये जास्त.