अठरा पंखे, एक ब्रश

आमचा आक्षेप खाणीला नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. कोणी स्वतःच्या घरात, स्वतःच्या मीटरवर, चपलांच्या रॅकसाठी आणलेल्या अँगलला सहा ग्राफिक्स कार्डं टांगून रात्रंदिवस क्रिप्टोची नाणी खणत बसला असेल तर बसो बापडा. डोंबिवलीत माणसं याहून वाईट नादाला लागलेली आम्ही पाहिली आहेत. आमचा आक्षेप ब्रशाला आहे.

ब्रश वहिनींचा. गालांना लाली लावायचा, जाड, मऊ केसांचा, भाचीच्या लग्नात घेतलेला. तो सध्या आमच्या सोसायटीतल्या खाणमालकांच्या ताब्यात असतो. दर रविवारी सकाळी चहा झाला की ते हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरतात, एकेक कार्ड मांडीवर उताणं घेतात आणि त्याच्या पंख्यांची पाती पुसतात. कार्डाला तीन पंखे, सहा कार्डांचे अठरा. प्रत्येक पात्याची आधी वरची बाजू, मग खालची, मग पात्याच्या मुळाशी धुळीची जी बारीक काळी रेघ धरते ती. ब्लोअरचा झोत मारताना पंखा भलत्याच वेगानं गरगरू नये म्हणून तो डाव्या हाताच्या करंगळीनं अलगद धरून ठेवायचा असतो. करंगळीनं! वर ओठ मिटून, श्वास रोखून. या गृहस्थांना आम्ही वर्षानुवर्षं ओळखतो. जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतानासुद्धा त्यांच्या कमरेत उसण भरते.

आणि ब्रश एकटा नाही. त्याचं कुटुंब आहे. कोपऱ्यांसाठी मऊ टूथब्रश (घरातल्या माणसांना मिळतो त्याहून महागाचा), खाचांसाठी कान साफ करायच्या काड्या, केमिस्टकडून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, पेस्ट पसरायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड. थर्मल पेस्ट हे तर स्वतंत्र शास्त्रच. चिपवरची सुकलेली जुनी पेस्ट पुसून काढायची, मग नवीन लावायची. मटारच्या दाण्याएवढा एक ठिपका द्यायचा की तिरपी फुली मारायची, यावर खाणमालकांचं ठाम मत आहे आणि विरुद्ध मताच्या माणसाशी ते लग्नाच्या हॉलमध्ये बोलत नाहीत. तान्ह्या बाळाची टाळू भरावी तशी ते ती पेस्ट लावतात. मग मेमरीच्या चिपांवरचे थर्मल पॅड. इथे अर्ध्या मिलिमीटरनं घात होतो. पॅड जाड झाला तर मुख्य चिप हीटसिंकला नीट टेकत नाही, पातळ झाला तर मेमरी तापते. खाणमालक वर्निअर कॅलिपर लावून पॅड मोजतात. पोळी जाड झाल्याची तक्रारही तेच करतात, पण कॅलिपरशिवाय.

याच घरात मिक्सर बंद आहे. चटणीच्या भांड्याखालचा कपलर झिजलाय. कपलर म्हणजे प्लास्टिकचं एक दातेरी चाक, स्टेशनजवळच्या कुठल्याही दुकानात चहा-वड्याच्या किमतीत मिळतं आणि उलट्या आट्यांनी फिरवून बसतं, बस्स. वहिनींनी सांगितलं. सासूबाईंनी सांगितलं. खाणमालक म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही." ज्या माणसाला साटाच्या कनेक्टरमधून बारा व्होल्टला ५४ वॉटच्या वर ओढू नये आणि रायझर ७५ वॉटपर्यंत मागू शकतो हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, त्याला कपलर कळत नाही! बरं, हे ज्ञानही त्याला फुकट मिळालेलं नाही. पहिल्या वर्षी साटाचाच कनेक्टर वितळला. प्लास्टिक जळल्याचा वास घरभर पसरला तेव्हा हे महाशय स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "गॅसवर काय ठेवलंयस?" तर मिक्सर बंद पडल्यापासून चटणी शेजारी वाटली जाते. शेजारी म्हणजे आमच्याकडे. म्हणून हा रागही थोडा घरगुती आहे, लपवत नाही.

खाणीची निगा म्हणजे नुसती साफसफाई नव्हे, पहारासुद्धा. फोनवर प्रत्येक कार्डाचं तापमान, पंख्याचा वेग, हॅशरेट, सगळं दिसत असतं. मेमरी ९५ अंशांवर गेली की फोन वाजतो. कार्ड बंद पडलं की वेगळ्या आवाजात वाजतो. मागे कल्याणला एका मुंजीत आम्ही पंगतीत शेजारी बसलो होतो. वरण-भात वाढून झाला होता, जिलबी येत होती, तेवढ्यात फोन वेगळ्या आवाजात वाजला. खाणमालक पांढरेफटक पडले. "चार नंबर गेलं," म्हणाले. आम्हाला वाटलं, कोणीतरी म्हातारं. भरल्या पानावरून उठून ते कार्यालयाच्या दारात गेले, घरचा स्मार्ट प्लग फोनवरून बंद केला, पुन्हा चालू केला, चार नंबर परत आलं नाही, आणि ते जिलबी सोडून रिक्षानं घरी गेले. रायझरची केबल सैल झाली होती. आता सांगा, आईची साखर गेल्या खेपेला किती होती, हे या माणसाला माहीत असेल? आम्ही विचारलं. "नॉर्मल असते," म्हणाले. साखरेला फोनवर आवाज नाही ना.

खाणीला लागणारी जागा बेडरूमची. एसी अर्थातच खाणीला. रिग (अँगलला टांगलेला तो सगळा पसारा) ओढते ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणजे ९०० वॉटची रिग हा ९०० वॉटचा हीटर झाला, तोही मे महिन्यात, डोंबिवलीत. त्या हीटरला गार ठेवायला एसी, आणि माणसं हॉलमध्ये पंख्याखाली गादी घालून. वायर तापू नये म्हणून प्लग गिझरच्या पॉइंटवर, त्यामुळे अंघोळीचं पाणी गॅसवर. पावसाळ्यात वहिनींनी एकदा शहाणपणा केला. खाणीतून एवढी गरम हवा फुकट बाहेर पडते तर ओले कपडे तिथे वाळत घातले. तेवढाच त्या यंत्राचा या घराला झालेला उपयोग. खाणमालकांनी दमटपणाचे इलेक्ट्रॉनिक्सवरील दुष्परिणाम या विषयावर अर्धा तास भाषण केलं आणि दोरी सोडून ठेवली.

आता मुख्य मुद्दा: छताचा पंखा.

हॉलमधला पंखा. त्याला पाती तीन, आणि मोटर एकच. खाणमालकांच्या अठरा पंख्यांच्या तुलनेत किरकोळ काम. समोरच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट चालू असल्यानं पात्यांवर धुळीची जी साय धरली आहे ती खालून, चष्म्याशिवाय दिसते. आजवर हा पंखा वहिनी पुसत आल्या. स्टूल घ्यायचं, त्यावर पाट ठेवायचा, उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवायचा आणि ओढून घ्यायचा, म्हणजे धूळ अभ्र्यातच राहते; ही युक्ती ज्या बाईनं प्रथम शोधली तिच्या नावे पेटंट नाही. तर यंदा दिवाळीच्या आधी वहिनी अशा स्टुलावर चढल्या. कंबर दुखते, पाट डुगडुगतो. खाणमालक बेडरूममधून लगबगीनं बाहेर आले. आम्ही दारात होतो, आम्ही हे स्वतः पाहिलंय. आम्हाला वाटलं स्टूल धरायला आले. त्यांच्या हातात चादर होती, चांगली, पाहुण्यांची. ते म्हणाले, "सांभाळून हं, धूळ उडेल, कार्डं झाकून येतो." आणि झाकून येऊन त्यांनी बेडरूमचं दार आतून लावून घेतलं.

इथे आम्हाला काहीतरी विनोदी लिहायचं होतं. जमत नाही. त्या घरात घाण दिसते, कोपऱ्यातली रेघसुद्धा दिसते, ती काढायला मऊ ब्रश लागतो की कडक हेही कळतं, तासन् तास खाली बसायची चिकाटी आहे, मोजमाप आहे, वेळापत्रक आहे, करंगळी आहे! म्हणजे 'आम्हाला बायकांसारखं नेटकं जमत नाही हो' ही जी सबब आमच्या आजोबांपासून चालत आली ती साफ खोटी होती. जमतं. सगळं जमतं. ओट्याच्या कडेचा तेलकट थर दिसतो, पण त्याचं तापमान फोनवर येत नाही. बायकोनं जन्मभर जे केलं त्याला घरकाम म्हणायचं, त्याचा हिशोब ठेवायचा नाही. तेच काम नवऱ्यानं सहा कार्डांसाठी केलं की त्याला मेंटेनन्स म्हणायचं, एक्सेलमध्ये तारीख टाकायची आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आधीचे-नंतरचे फोटो चढवायचे. चौतीस अंगठे येतात. सासूबाईंच्या पलंगाखालचा केर काढल्यावर कोणाचा अंगठा आलाय आजवर?

आणि वीज! आमचा चुलतभाऊ जळगावकडे केळी करतो. पंपाची थ्री फेज ज्या आठवड्यात रात्रीच्या पाळीला येते त्या आठवड्यात तो मध्यरात्री बॅटरी आणि काठी घेऊन सापांतून शेतात जातो. इथे डोंबिवलीत सहा कार्डांना चोवीस तास अखंड पुरवठा, वर इन्व्हर्टर, कशासाठी, तर एक आकडा ओळखायला. ओळखला की पुढचा आकडा. असो. विषय ब्रशाचा आहे.

तुम्ही म्हणाल, माणूस कमावतो तरी आहे. तर तोही हिशोब आम्ही त्यांच्याच एक्सेलमधून काढला. ९०० वॉट चोवीस तास, म्हणजे महिन्याला साधारण साडेसहाशे युनिट. घरगुती दराच्या वरच्या टप्प्यात ती गेलीच. सरासरी बारा रुपये धरले तरी पावणेआठ हजार झाले. एसी वेगळा. हाती येणारं नाणं चांगल्या महिन्यात दोन-अडीच हजारांचं. ते विकलं तर २०२२ च्या एप्रिलपासून सरसकट ३० टक्के कर, वर उपकर, आणि त्यातून ना वीजबिल वजा होतं, ना कार्डांची किंमत. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करायचीही सोय नाही. खाणमालक यावर एकच वाक्य बोलतात, "म्हणूनच मी विकत नाही." ज्या धंद्यात माल विकला की तोटा होतो आणि न विकला की बिल येतं, त्या धंद्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढी शांती कुठून येते, हे आम्हाला उमगलेलं नाही.

एके काळी गणित जमत होतं, हे मान्य करू. ही कार्डं इथेरियम खणायला आणली होती. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं खणून नाणी काढायची पद्धतच मोडीत काढली. इथेरियमचा विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून अधिक घटला आणि जगभरातल्या बेडरूममधली कार्डं एका दिवसात बेकार झाली. खाणमालकांची मात्र झाली नाहीत. त्यांनी कुठकुठली बारकी नाणी शोधली, ज्यांची नावं भाव उतरल्यावर पाठ होतात. बिटकॉइनचं विचारू नका, ते ग्राफिक्स कार्डावर खणायचे दिवस २०१३ च्या सुमारास खास यंत्रं आली तेव्हाच संपले. तसलं एक यंत्र तीन-साडेतीन किलोवॉट खातं, पंचाहत्तर डेसिबलनं ओरडतं, आणि २०२४ च्या एप्रिलपासून एका ब्लॉकचं बक्षीसही निम्मं होऊन ३.१२५ बिटकॉइनवर आलंय. आता तसलंच एक यंत्र आणून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी ठेवायची परवानगी मिळावी म्हणून खाणमालकांनी सोसायटीला अर्ज दिलाय आणि भांडवल उभं करायला सहाही कार्डं विकायला काढली आहेत.

जाहिरात त्यांनी स्वतः लिहिली. 'एकहाती वापर. फक्त गेमिंग, तेही शनिवार-रविवार. मायनिंग कधीही नाही. मूळ खोकी उपलब्ध.' गेल्या आठवड्यात उल्हासनगरचा एक मुलगा बघायला आला, वय विशीच्या आत. त्यानं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, पंख्याच्या मुळाशी टॉर्च मारला, नखानं खाच खरवडून पाहिली आणि परत टेबलावर ठेवलं.

"काका, हे मायनिंगचंच आहे," तो म्हणाला. "गेमिंगचं कार्ड एवढं स्वच्छ कुणाचंच नसतं. घरात वापरलेल्या कार्डावर धूळ असते."

काल संध्याकाळी आम्ही चटणीचं भांडं परत द्यायला गेलो तर हॉलमध्ये स्टूल. स्टुलावर पाट, पाटावर खाणमालक. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात तोच ब्रश, आणि पंख्याच्या पात्यावरची धूळ ते वाटीत अलगद गोळा करत होते, एक कणही खाली न सांडता. सहा कार्डांना पुरवायची होती. सोफ्यावर वहिनी मटार सोलत बसल्या होत्या. स्टूल धरायला उठल्या नाहीत.

"एवढ्यात भागणार नाही," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टचीही घ्या. तिथली चांगली चिकट आहे."