सर्कशीतले माझे तीन दिवस

"आबा, तुम्हीपण यांच्यासारखे पळून सर्कशीत गेला होतात ना? मग तुम्ही तिथं कोण होतात?"

नातवानं सिनेमा थांबवून हे विचारलं. मी घसा साफ करून पवित्रा घेतोय, तोवर स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "प्रेक्षक. तेही फुकटे."

सिनेमा होता 'मादागास्कर'चा तिसरा भाग, 2012 सालचा. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून पळालेले सिंह, झेब्रा, जिराफ आणि पाणघोडा युरोपात भटकतात. मागे पोलीस लागतात तेव्हा एका डबघाईला आलेल्या सर्कशीच्या आगगाडीत शिरतात आणि छातीठोकपणे सांगतात, आम्हीही सर्कशीतलेच. ही थाप पचते. एवढंच नव्हे, त्या थापेच्या जोरावर सर्कस पुन्हा उभी राहते. पडद्यावरच्या सिंहाला जे जमलं ते मलाही जमलं होतं, असं मी गेली पन्नासेक वर्षं सांगत आलोय. आता नातू सात वर्षांचा झाला आणि प्रश्न विचारू लागला.

खरं सांगायचं तर मूळ गोष्ट अडीच तासांची आहे. कॉलेजात सांगितली तेव्हा एक रात्र झाली. लग्न ठरताना मुलीकडच्यांना सांगितली तेव्हा दीड दिवस. माझ्या निवृत्तीच्या समारंभात ती तीन दिवसांवर गेली आणि तिच्यात मी सिंहाच्या पिंजऱ्यात शिरलो. मी बँकेतला माणूस. मुद्दल कितीही लहान असलं तरी चक्रवाढ व्याज काय करू शकतं हे मला कुणी शिकवायला नको. इंदूरच्या मराठी मंडळींत माझी ओळख करून देताना आता "सर्कशीत काढलेले दिवस" असं अनेकवचन वापरतात आणि मी मान किंचित खाली घालून ते स्वीकारतो. मान खाली घातली की लोकांना विनय दिसतो, मला माझे बूट दिसतात.

तर ते अडीच तास.

1967 सालचा हिवाळा. मी सातवीत, गणितात शंभरापैकी एकोणीस. माझे वडील, अण्णा, इंदूरजवळच्या बेटम्याच्या शाळेत मास्तर, त्यामुळे निकाल घरी न्यायची सोयच नव्हती, तो माझ्याआधी घरी पोचलेला असे. इंदुरात सर्कस उतरली होती. मी दप्तरात एक सदरा आणि चार लाडू भरले आणि सकाळच्या मोटारीत चढलो.

आमच्यासारखं कोकणातलं घराणं बेटम्यात काय करत होतं, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात. होळकरांच्या चाकरीत पणजोबा आले, हे खरं उत्तर. अण्णांचं उत्तर वेगळं होतं. धारच्या भोज राजानं कोकण जिंकल्याच्या आनंदात इ. स. 1020 मध्ये दान दिलं, त्याचा ताम्रपट आमच्या बेटम्यात सापडला. "म्हणजे कोकण्यांना हरवल्याची बक्षिसी या गावानं हजार वर्षांपूर्वीच घेतली," अण्णा म्हणत, "आपण फक्त उशिरानं वसुलीला आलो." त्या वसुलीत त्यांना भाड्याच्या दोन खोल्या आणि एक पेटी मिळाली होती. पेटी म्हणजे हार्मोनियम. तिचे तीन स्वर वाजत नसत, तेवढे अण्णा तोंडानं भरून काढत.

सर्कस माझ्या डोक्यात घातली ती याच अण्णांनी, आणि त्यांनाही सर्कशीतल्या वाघसिंहांचं काही नव्हतं. त्यांची आवडती गोष्ट एका गवयाची. ती इथं सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुन्हा ऐकावी. आम्ही ती आठवड्यातून दोनदा ऐकत होतो.

विष्णुपंत छत्रे, अंकलखोपचे. गाणं शिकायला ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गेले आणि तिथं घोड्यांचं शिक्षणही घेऊन आले. माणसानं एका गावी जाऊन शिकून याव्यात अशा या दोन विद्या नव्हेत, पण छत्र्यांनी शिकल्या. पुढे कुरुंदवाडच्या संस्थानिकांचे घोडे सांभाळताना मुंबईत कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस पाहिली. हिंदी माणसाला हे जमायचं नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात. छत्र्यांनी 1880 साली स्वतःची सर्कस काढूनच दाखवली. आपल्याकडच्या सर्कशीची वंशावळ तिथून सुरू होते. केरळातल्या तलश्शेरीचे कीलेरी कुन्हिकण्णन यांनाही सर्कशीचा नाद लागला तो छत्र्यांमुळे, आणि मग तलश्शेरीनं साऱ्या देशाला कसरतपटू पुरवले. हे झालं इतिहासात छापलेलं. अण्णांची गोष्ट यानंतर सुरू होई.

हद्दूखाँचा मुलगा रहिमतखाँ. गळा असा की पुढे लोक त्याला भूगंधर्व म्हणू लागले. पण वडील गेले, घर विस्कटलं, अफूनं गाठलं आणि हा गंधर्व बनारसला फाटक्या अवस्थेत भटकू लागला. छत्र्यांना तो तिथं सापडला. आपल्या गुरूचा मुलगा. त्यांनी काय करावं? मदत म्हणून पैसे देऊन पुढं जावं, की आश्रमात ठेवावं? ते त्याला सर्कशीत घेऊन आले. घोडे, वाघ, हत्ती, झुल्यावरची माणसं आणि त्यांच्याबरोबर एक ख्याल गाणारा. सर्कस जिथं जाईल तिथं खाँसाहेब जात आणि गावोगाव त्यांच्या बैठका होत. पुढे रहिमतखाँ अखेरपर्यंत कुरुंदवाडातच राहिले, 1922 मध्ये तिथंच गेले. त्यांच्या गाण्याचा ठसा अब्दुल करीमखाँसारख्यांवर उमटला तो असा, तंबूंच्या सावलीतून.

"विचार कर," अण्णा म्हणायचे आणि पेटीवरचे हात थांबवायचे. "एका तंबूत वाघ आणि शेजारच्या तंबूत भैरवी. वाघाला काय वाटत असेल?" वाघाला काय वाटत असेल याचा मी बराच विचार केला. गणितात एकोणीस मिळायला तेही एक कारण होतं.

असो. मी तंबूच्या मागच्या बाजूनं शिरलो. पहिली गाठ पडली ती वासाशी. दुसरी सिंहाशी. पिंजरा आमच्या घरातल्या खाटेएवढा. सिंह त्यात वळू शकत होता, पण वळायचं त्यानं सोडून दिलं असावं. बरगड्या मोजता येत होत्या आणि मी त्या मोजल्या. माझ्या नंतरच्या सगळ्या आवृत्त्यांत हा सिंह डरकाळी फोडतो. प्रत्यक्षात त्यानं माझ्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

मॅनेजर तलश्शेरीचे होते. लुंगी, बनियन, कानावर पेन्सिल. मी छाती पुढं काढून सिनेमातल्या सिंहाचीच थाप मारली, पंचेचाळीस वर्षं आधी. "मैं सर्कस का आदमी हूँ। छत्रे का।"

छत्रे हे नाव ऐकून त्यांनी पेन्सिल कानावरून काढली. मला वाटलं, जिंकलो. "क्या कर सकता है?" मी शीर्षासन करून दाखवलं. ते डोकं खाली असेपर्यंत ठीक होतं, पाय वर जाताना बिघडलं. मग गाऊन दाखवलं. अण्णांची भैरवी, पेटीतले ते तीन गाळलेले स्वर तसेच गाळून. शेजारच्या तंबूत एक कुत्रं रडू लागलं. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "वो कुत्ता भी छह महीना सीखा है।"

माझ्या कलाजीवनावर इतकं नेमकं परीक्षण त्यानंतर कुणी लिहिलेलं नाही.

त्यांनी मला ताटभर भात आणि पातळ सांबार वाढलं. माझे लाडू दोन झुलेवाल्या मुलींनी खाल्ले. दुपारच्या खेळाला मला बँडवाल्यांशेजारी बसवलं आणि खेळ संपल्यावर एका माणसाबरोबर मोटारीच्या स्टँडवर पाठवून दिलं. त्या माणसानं कंडक्टरच्या हातावर बारा आणे ठेवले. कंडक्टरनं माझ्याकडे पाहून विचारलं, "मास्साब का छोरा है न तू?" माणसानं पळून जावं तर कंडक्टर ओळखीचा नसलेल्या गावातून.

माझ्या पळण्याचं एकूण मूल्यमापन मला उशिरा करता आलं, आणि तेही एका बिबट्यामुळे. डिसेंबर 2021 मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यातून एका जखमी बिबट्याला उपचारासाठी इंदूरच्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात आणलं. रात्रीतून तो पिंजऱ्यातून पसार झाला. पुढचे सहाएक दिवस अख्खं इंदूर बाल्कनीतून डोकावत होतं. बेटमा तिथून तीस किलोमीटर, तरी मी संध्याकाळी फाटकाला कुलूप लावायचो आणि बायकोला सांगायचो, "त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. शेवटी आम्ही दोघं..." ती म्हणाली, "कचऱ्याची गाडी सकाळी येते. तेवढं कुलूप आधी काढा."

शेवटी तो सापडला कुठं? नवरतनबागेत, वनखात्याच्याच आवारात. म्हणजे ज्यांच्या तावडीतून सुटला त्यांच्याच दारात. लोक हसले, मला हसू आलं नाही. मीही गणितापासून पळालो होतो आणि पुढे छत्तीस वर्षं एका बँकेत बेरजा करत सापडलो. पुण्यात मार्च 2024 मध्ये कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातून असाच एक बिबट्या पिंजऱ्याबाहेर निसटला, तो तर आवाराबाहेरसुद्धा गेला नाही. पुण्यात राहिल्यावर बाहेर पाहण्यासारखं काही उरत नाही, हे त्यालाही पटलं असावं.

नातवाला मात्र वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. "मग खरे प्राणी पळून सर्कशीत का जात नाहीत?"

आपल्याकडे उलटंच झालं, असं मी सांगितलं. सरकारनं 1998 मध्ये अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले. सर्कसवाले कोर्टात गेले, 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. मग सर्कशीतले सिंह बचाव केंद्रांकडे रवाना झाले. योग्यच झालं. त्या बरगड्या मी मोजल्या आहेत, त्यामुळे याबाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. जुन्या सर्कशीच्या आठवणीनं गहिवरणारे माझ्या वयाचे लोक भेटतात, त्यांना मी विचारतो, पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला कधी गेला होतात का?

पण एक गोष्ट मला खुपते आणि ती विनोदात बसत नाही. बंदीनंतर काही वर्षांनी इंदुरात पुन्हा एक सर्कस आली. मी मुलाला घेऊन गेलो. खुर्च्या अर्ध्याहून जास्त रिकाम्या. सिंहाचा खेळ जाहीर झाला आणि रिंगणात सिंहाच्या कातडीत दोन माणसं आली. कातडी म्हणजे पोतं. पुढचा माणूस वयस्क होता, कडीतून उडी मारताना त्याचा गुडघा टेकला आणि सिंहानं पुढच्या पंजानं गुडघा चोळला. पोरं शिट्ट्या मारत होती. सिंहासाठी सरकारनं केंद्रं काढली, मांसाची सोय केली, डॉक्टर नेमले. त्या सिंहाचा पिंजरा धुणारा, त्याला घास घालणारा, त्याच्या जबड्यात डोकं देणारा माणूस कुठं गेला हे कुणी विचारलं नाही. तो कुठं गेला ते मी पाहिलं. तो सिंहाच्या कातडीत गेला.

एवढं मी नातवाला सांगितलं नाही. त्याला सांगितलं की सर्कशीत प्राणी नसले तरी मजा असते. तो म्हणाला, "मग तुम्ही का परत आलात?"

ते सांगतो. रात्री साडेनऊला मोटार बेटम्यात थांबली. स्टँडवर अण्णा कंदील घेऊन उभे होते. ते किती वेळ उभे होते ते मी कधी विचारलं नाही. आईला सांगितलं होतं म्हणे, पोरगा मित्राकडे अभ्यासाला गेलाय. माझा कान धरला जाईल म्हणून मी तो आधीच पुढं केला होता. त्यांनी दप्तर घेतलं आणि चालू लागले. अर्ध्या वाटेपर्यंत काही बोलले नाहीत.

मग विचारलं, "वाघ होते?"

"सिंह होता."

पुन्हा बरंच अंतर. गावातली कुत्री आमच्या मागे येत होती. घराच्या वळणावर त्यांनी कंदील खाली केला आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "आणि गाणारं कुणी होतं का रे?"

नव्हतं. बँड होता, त्यावर सिनेमाची गाणी वाजत होती. पण मी हो म्हणालो. म्हणालो, शेजारच्या तंबूत एक म्हातारे बुवा होते, भैरवी गात होते. माझ्या सर्कशीच्या गोष्टीत मी भर घातली ती पहिल्यांदा तिथं, वळणावर. अण्णांनी काही उत्तर दिलं नाही. त्या रात्री त्यांनी उशिरापर्यंत पेटी वाजवली, आणि गणिताचा विषय घरात परत निघाला नाही.

हे सगळं ऐकून नातू म्हणाला, "म्हणजे तीन दिवस नव्हते?"

"अडीच तास होते."

"आणि तिकीट?"

ते काढलंच नव्हतं. तिकीट नाही, जेवणाचे पैसे नाहीत आणि कंडक्टरच्या हातावर ठेवलेले बारा आणेही मी अजून कुणाला परत केलेले नाहीत.